पाणी कुठल्या हाताला

१

सरोज कर्णिक एकटीने मोटार घेऊन निघाली त्या सकाळी समोरच्या बिऱ्हाडांतल्या बायका केसांत फणी तशीच ठेवून गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. नौपाड्यात तेव्हा मोटारी होत्याच किती, आणि त्यातून बाईमाणसाने चालवायची म्हणजे बघण्यासारखीच गोष्ट. सरोजला त्याचं काही वाटलं नाही. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून शिकवून वर्गभर डोळे आपल्यावर लागलेले असण्याची तिला सवय होती.

गाडी म्हणजे जुनी, काळी ऑस्टिन. तिचा नवरा गुरुदत्त ठाण्याच्या कोर्टात वकिली करायचा. त्याने ती हौसेने घेतली होती, आणि त्याच हौसेने बायकोलाही चालवायला शिकवलं होतं. पण शिकवलं म्हणजे शेजारी बसून. ‘क्लच दाब,’ ‘अगं, म्हैस बघ म्हैस,’ असं त्याचं तोंड सारखं चालू. आता तो कामासाठी नाशिकला गेला होता, शाळेला नाताळची सुट्टी लागली होती, आणि सरोजच्या मनाने घेतलं होतं की एक दिवस तरी शेजारी कुणी नको. नवरा नको, नणंद नको. आणि, हे ती कुणाला बोलून दाखवणार नव्हती, पोरही नको.

पोर फाटकाला लोंबकळत होती. शालू, सहा वर्षांची. अंगात पिवळा फ्रॉक, केस नुकतेच न्हाऊन मोकळे सोडलेले.

“मी पण येणार.”

“तू उद्या. आज आत्याजवळ थांब.”

“उद्या म्हणजे कधी?”

“उद्या म्हणजे उद्या,” सरोज म्हणाली आणि गाडीचा चोक ओढला.

आत्या म्हणजे गुरुदत्तची धाकटी बहीण हेमा. ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिथूनच म्हणाली, “जा गं वहिनी निवांत. हिचं मी बघते. फक्त दिवेलागणीच्या आत ये, नाहीतर दादाला मी काय सांगू?”

“चहाला घरी आहे मी.”

माजिवड्यापर्यंत बैलगाड्यांनी वाट अडवली. पुढे रस्ता मोकळा झाला. डावीकडे येऊरचे डोंगर, उजवीकडे भाताची कापलेली शेतं, आणि थंडीतलं ते कोवळं ऊन पाठीवर घेत गाडी पश्चिमेला चाललेली. गायमुखाशी रस्ता डोंगराच्या कुशीत शिरला, उतरला, आणि एकदम खाडी समोर आली. इतकी रुंद, इतकी चकचकीत, की सरोजने नकळत गाडीचा वेग कमी केला.

तिथून पुढे एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला पाणी. स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे पाणी अगदी तिच्या कोपराशी आलं. खाली तिवरांची झुडपं, मधेच एखादी होडी चिखलात कलंडलेली, पलीकडचा काठ निळसर, दूर. वर्गात ती मुलींना नेहमी सांगायची की अनोळखी मुलुखात आधी पाणी कुठल्या हाताला आहे ते बघून ठेवावं. ते सांगणं आठवून ती स्वतःशीच हसली. पाणी जेवायच्या हाताला. येताना ते पलीकडच्या खिडकीत जाईल आणि डोंगर आपल्या बाजूला येईल. मग करवंदीच्या जाळ्या बघत जाता येईल.

तिला फार बरं वाटत होतं. लग्न झाल्यापासून इतकं बरं कधी वाटलं होतं ते तिला आठवेना.

२

घोडबंदरला किल्ल्याच्या टेकाडाखाली माडाच्या झापांचं एक हॉटेल होतं. मालकाचं नाव महिपत. बाई एकट्याच गाडीतून उतरल्या हे बघून त्याने आधी मागच्या सीटकडे नजर टाकली.

“साहेब कुठं?”

“साहेब नाशकात. मी एकटीच आहे.”

“एकट्या?” त्याने बाक पुसून दिलं. “मग चहा जरा कडक करतो.”

चहा घेऊन ती टेकाडावर चढली. पडक्या तटाशी बसून तिने पोळीभाजीचा डबा सोडला. खाली खाडी समुद्राकडे वळत होती. लांब एक शिडाचं तारू निघालं होतं, पण ते हलतंय की उभंच आहे ते कळत नव्हतं. ओहोटी अजून चालू होती. पाणी हटत जाईल तसा काठचा चिखल उघडा पडत होता आणि त्यावर बगळे उतरत होते. ती किती वेळ तशी बसली, तिचं तिलाच भान राहिलं नाही. शालूची आठवण एकदाही आली नाही. हे नंतर ध्यानात आल्यावर तिला जरा चोरट्यासारखं झालं, आणि ती उठली.

गाडी तिने महिपतच्या हॉटेलासमोरच वळवून घेतली. मागे घेताना दोनदा बंद पडली. महिपतने हात हलवून दिशा दाखवली. तोंड ठाण्याकडे झालं, रस्ता सरळ लागला, आणि पहिला मैलाचा दगड मागे गेला तेव्हा त्यावर ‘ठाणे’ ही अक्षरं तिने नीट वाचली.

३

बराच वेळ तिला कळेना की आपल्याला अस्वस्थ का वाटतंय.

गाडी ठीक चालली होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. वारा खिडकीतून आत येत होता आणि त्याला चिखलाचा, खाऱ्या पाण्याचा वास होता. तिचा उजवा कोपर खिडकीत टेकलेला होता, सकाळसारखाच. बाहीला दमटपणा लागत होता, सकाळसारखाच.

मग तिने मान वळवून बघितलं. पाणी उजवीकडे होतं.

ती बघत राहिली आणि गाडी रस्त्याच्या कडेला गेली. सावरून तिने ती मधे आणली. आपण चुकून पुन्हा उलट वळलो असू, हा पहिला विचार. पण वळायला जागाच नव्हती, आणि वळलो असतो तर आठवलं असतं. पुढचा दगड आला. त्यावर ठाणे होतं, आणि आकडा आधीच्या दगडापेक्षा कमी होता. म्हणजे आपण ठाण्याकडेच चाललो आहोत.

तिने स्वतःला वर्गातल्या मुलीसारखं प्रश्न घालून पाहिले. घड्याळ कुठल्या हातात? डाव्या. पाणी कुठल्या बाजूला? घड्याळ नसलेल्या. बरं, सूर्य? थंडीतला दुपारचा सूर्य दक्षिणेला कलतो. आपण पूर्वेकडे तोंड करून चाललो असलो तर तो उजवीकडे हवा. होता. उजवीकडेच होता, नेमका पाण्याच्या वर, आणि त्याने खाडी अशी पेटल्यासारखी चमकत होती की डोळे मिटावेसे वाटत होते.

सूर्य बरोबर होता. दगड बरोबर होते. फक्त खाडी उत्तरेची दक्षिणेला आली होती.

डावीकडे डोंगर होता, जिथे तो नसायला हवा होता. झाडी, कातळ, करवंदीच्या जाळ्या, सगळं जागच्या जागी, पण भलत्या अंगाला. सरोजला वाटलं, माणसं थकली की असं होतं. ऊन लागलं असेल. आई म्हणायची, उपाशीपोटी पित्त चढलं की डावं-उजवं कळत नाही. पण ती उपाशी नव्हती. तीन पोळ्या खाऊन निघाली होती.

४

शेवटी तिने गाडी थांबवली आणि खाली उतरली.

एंजिन बंद केल्यावर फार शांत झालं. सकाळी टिटव्या ओरडत होत्या, चिखलात खेकड्यांची ती बारीक चुळबुळ चालू होती. आता त्यातलं काही नव्हतं. पाणी हटत होतं पण त्याचाही आवाज येत नव्हता. तिने रस्ता ओलांडला, काठाशी आली, खाली वाकून एक दगड उचलला आणि पाण्यात टाकला. तो बुडाला, वलयं उठली. पाणी खरं होतं.

मग तिने पलीकडे पाहिलं.

पलीकडच्या काठावर रस्ता नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तालुक्याचा नकाशा तिने मुलींकडून कितीदा काढून घेतला होता. तिथे तिवरं, मिठागरं आणि मागे गावं. पण तिथे आता तिवरांच्या वर एक सरळ रेघ दिसत होती, आणि त्या रेघेवर काहीतरी काळं, छोटं उभं होतं. त्याच्या शेजारी माणूस. त्या माणसाने डोळ्यांवर हाताची सावली धरली होती आणि तो इकडे बघत होता.

कुणीतरी असेल, सरोजने मनाशी म्हटलं. नवा रस्ता झाला असेल. सरकार आता सगळीकडे रस्ते बांधतंय. एखादा साहेब बघायला आला असेल.

ऊन डोळ्यांत जात होतं, म्हणून तिने हात वर केला आणि कपाळाशी धरला.

ती गाडीत येऊन बसायला वळली तेव्हा पलीकडचा माणूस आधीच त्याच्या गाडीत बसला होता. तिने चावी फिरवायच्या आधी ती काळी वस्तू हलली. सरोज निघाली. पाण्यापलीकडून ती गाडीही बरोबर निघाली, तिवरांच्या आड जात, पुन्हा दिसत. एका वळणावर सरोजच्या मनात आलं की थांबून बघावं. तिचा पाय ब्रेकवर जायच्या आत ती गाडी थांबली होती.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती गाडी आपलं बघून काही करत नव्हती. ती जे करेल ते आपण मागाहून करत होतो.

५

वळणापलीकडे एक आगरी बाई डोक्यावर टोपली घेऊन चालली होती. लुगड्याचा काचा गुडघ्यापर्यंत, पायाला खाडीचा चिखल वाळलेला. माणूस दिसल्यावर सरोजला इतका आधार वाटला की तिने गाडी जवळजवळ तिच्या अंगावरच नेली.

“बाय, ओवल्यापरत नेशील का? पाय लय दुखतान.”

“बसा ना. नेते की.”

बाई टोपलीसकट शेजारी बसली. टोपलीत खाडीतली मासळी होती, तिचा वास गाडीभर झाला. सरोजला तो वासही बरा वाटला. नाव विचारलं तर सखुबाई म्हणाली. जरा वेळ गेल्यावर सरोजने, सहज विचारल्यासारखं करून, विचारलं, “सखुबाई, या रस्त्याला खाडी कुठल्या हाताला असते?”

सखुबाईने तिच्याकडे बघितलं. “अशी कशी इचारतंस? ही काय समोर.”

“सकाळी पण इथेच होती?”

“पानी येतं नि जातं. खारी कंय जाईल?” ती हसली. “शेरगावची मानसं तुमी.”

सरोजही हसली. मग आपणच चुकलो. सकाळी आनंदाच्या भरात डावं-उजवं झालं, नकाशा डोक्यात उलटा बसला. असं होतं माणसाचं. आणि पलीकडची गाडी म्हणजे नवा रस्ता. तिने पाण्याकडे न बघता गाडी चालवायची ठरवलं. घरी जाऊन हे हेमाला सांगायचं आणि दोघींनी पोट धरून हसायचं.

“पोर कुठं सोरलीस?” सखुबाईने विचारलं.

“कुठली पोर?”

“तुजी. मगा ह्याच गारीन बसली व्हती ना. हितूनच गेलीस. पिवला झगा व्हता तिचा, केस मोकले. मी हात केला तं तू नाय थांबलीस.”

“मी मघाशी इथून गेले नाही,” सरोज म्हणाली. “सकाळी गेले ती आत्ता येतेय. आणि एकटी आहे. मुलगी घरी आहे माझी.”

सखुबाईने सरोजच्या तोंडाकडे बघितलं, मग सरोजच्या पलीकडे, उजव्या खिडकीतून, पाण्याकडे बघितलं. बघितलं आणि टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

“मना हितंच उतरव.”

“ओवळं अजून लांब आहे.”

“जाईन मी चालत.”

गाडी पुरती थांबायच्या आतच ती उतरली. दार लावून घेतलं. सरोजच्या तोंडाकडे न बघता, खिडकीच्या चौकटीशी बोलल्यासारखं ती म्हणाली, “त्या अंगाला बघू नको, बाय. घरा जा.” आणि डोंगराच्या कडेकडेने, भरभर, आल्या दिशेला मागे चालू लागली.

६

सरोजने गाडी जितकी पळेल तितकी पळवली. ‘पिवळा झगा’ हे दोन शब्द एंजिनाच्या आवाजात सारखे ऐकू येत होते. पिवळे फ्रॉक ठाण्यात कितीतरी पोरींना असतील. मोकळे केस कितीतरी पोरींचे असतील. ती हे स्वतःला मोठ्याने सांगत होती, आणि बोलताना आपला आवाज आपल्याला थोडा उशिराने ऐकू येतोय असं तिला वाटत होतं.

नागला गावाच्या अलीकडे रस्त्याखालून एक मोरी जाते. तिथे रस्ता अगदी खाली उतरतो आणि पलीकडचा काठ एकाएकी जवळ येतो. सकाळी तिथे पात्र इतकं अरुंद होतं का, तिला आठवेना. तिने बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी तिने बघितलं.

ती गाडी तिथे आधीच येऊन थांबली होती. काळी ऑस्टिन. दार उघडून एक बाई उतरली. बाटलीच्या रंगाचं हिरवं पातळ. सरोजने खाली, आपल्या मांडीवरच्या हिरव्या पातळाकडे बघितलं आणि पुन्हा वर बघितलं. ती बाई गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली, दार उघडलं, आणि एका मुलीला हाताला धरून खाली उतरवलं. पिवळा फ्रॉक उन्हात झळकला. दोघी काठाशी, पाण्याच्या दिशेने चालत आल्या.

भोंगा वाजवावा म्हणून सरोजने हात उचलला. तिचा हात पोचायच्या आधी पाण्यावरून भोंगा ऐकू आला. मग तिचा वाजला.

ती गाडीतून खाली पडल्यासारखी उतरली. “शालू!”

हाक पाण्यावरून गेली. पलीकडे पोहोचलेली तिला दिसली, कारण मुलीने मान हलवली. पण मुलीने इकडे बघितलं नाही. आईने हाक मारल्यावर पोर जशी वर बघते, तशी तिने शेजारच्या बाईच्या तोंडाकडे मान वर करून बघितलं.

बाई वाकली. मुलीच्या कानात काहीतरी बोलली, बोटाने इकडे दाखवलं. मग ती सरळ झाली आणि सरोजकडे बघत उभी राहिली. तिचा चेहरा दिसला नाही. तिने पदराचा बोळा तोंडावर घट्ट दाबून धरला होता, दारातून तिरडी उचलली जाताना बाई धरते तसा, आणि तिचे खांदे हलत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. सरोजच्या तोंडाला कापडाचा खरखरीत स्पर्श झाला. तिच्याच हातात तिचाच पदर होता आणि तो तिने तोंडावर दाबून धरला होता.

तिने तो खाली ओढला तोवर पलीकडे कुणी नव्हतं. गाडी निघाली होती. तिवरांमागून तिचं काळं टप ठाण्याच्या दिशेने सरकत गेलं, वेगात, आणि दिसेनासं झालं.

७

गायमुख ओलांडल्यावर खाडी सुटली. दोन्ही बाजूंना शेतं आली, ताडं आली, ओवळं, मानपाडा आलं. आता डावं-उजवं ठरवायला पाणीच नव्हतं. माजिवड्याला एका गाडीवानाने तिला शिवी दिली. तीही तिला बरी वाटली.

हेमा फाटकाशीच उभी होती. गाडी बघून तिने हसत फाटक उघडलं. मग गाडीत डोकावली आणि तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

“शालू कुठाय?”

सरोज स्टिअरिंग धरून बसून राहिली. “घरात नाही?”

“घरात कशी असेल? तूच नेलीस ना.” हेमाने मागच्या सीटवर बघितलं, सीटखाली बघितलं. “वहिनी, चेष्टा नको करू. कुठे ठेवलीस तिला?”

“मी कधी नेली?”

“अगं, दुपारी. आम्ही जेवायला बसायच्या जरा आधी. तू फाटकाशी भोंगा वाजवलास. मी आत भाकऱ्या टाकत होते. हिने बघितलं, ‘आई आली’ म्हणून पळाली. मी खिडकीशी येईपर्यंत ती गाडीत चढली पण. तू काच वर करून बसली होतीस. मी विचारलं, जेवून जाता का. तू हात केलास.”

“माझा चेहरा बघितलास?”

“चेहरा काय बघायचाय? तुझी गाडी, तुझं पातळ.” हेमाचा आवाज चढला. “वहिनी, तुला काय झालंय? पोर कुठाय?”

समोरच्या गॅलरीत पुन्हा बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. जे घडलं ते सांगितलं तर हेमा डॉक्टरला बोलावणं पाठवील, आणि तेवढा वेळ नव्हता. “बस गाडीत,” सरोज म्हणाली. हेमा पायांत चपला न घालता तशीच बसली.

८

वाटेत हेमाने एकदाच विचारलं, “नक्की तूच नव्हतीस ना गं?” आणि उत्तराची वाट न बघता रामरक्षा पुटपुटू लागली. सरोजला तिचा राग आला नाही. तोच प्रश्न तीही स्वतःला विचारत होती. टेकाडावर बसले होते ना, किती वेळ ते आठवत नाही ना, मग त्या वेळात काय काय केलं असेल. पण महिपतने चहा दिला, महिपतने गाडी वळवताना हात दाखवला. त्या दोन्हींच्या मधलं मात्र तिच्याजवळ काहीच नव्हतं.

गायमुखाशी उतार लागला. तिने डोळे रस्त्यावर ठेवले आणि तरी तिला कळलं. खाडी उजवीकडे होती, सकाळी होती तिथे. ऊन उतरलं होतं, समोरून तोंडावर येत होतं. भरती लागून चिखल झाकला गेला होता. टिटव्या ओरडत होत्या. पलीकडच्या काठावर तिवरं आणि मिठागरं, दुसरं काही नाही.

“ती बघ,” हेमा ओरडली. “वहिनी, थांब, ती बघ.”

मोरीच्या कठड्यावर शालू पाय हलवत बसली होती. शेजारी पानावर बोरं होती आणि ती बिया पाण्यात थुंकत होती.

सरोजने तिला उचललं तेव्हा तिची पावलं चाचपली, फ्रॉक चाचपला. सगळं कोरडं. बुटांना चिखल नव्हता. पोर गरम होती, बोरांचा वास येत होता, आणि आई इतकी घट्ट का धरतेय म्हणून ती वैतागली.

“किती उशीर केलास,” शालू म्हणाली.

“तुला इथे कोणी आणलं?”

“तूच की.” तिने आत्याकडे बघितलं, आत्याला तरी समजतंय का ते. “तू म्हणालीस, इथं बस, हलू नको, मी मागून येतेच.”

“आणि मी कुठे गेले?”

शालूने हात लांब केला आणि पाण्याकडे दाखवलं. पाण्याच्या मधोमध कुठेतरी. तिथे काही नव्हतं.

“तू रडत होतीस,” ती म्हणाली. “मी विचारलं, का रडतेस. तर म्हणालीस, एकदा बघायचं होतं. मग वेण्या घातल्यास.”

हेमाने पोरीचे केस हातात घेतले. सकाळी न्हाऊन मोकळे सोडलेल्या केसांच्या आता दोन घट्ट वेण्या होत्या, कानामागून सुरू झालेल्या, एकही बट सुटलेली नाही. घराघरातल्या बाईची वेणी वेगळी असते आणि घरातल्या माणसाला ती ओळखू येते. हेमाने ती ओळखली. तिने सरोजकडे बघितलं आणि वेण्या हातातून सोडून दिल्या.

“चल इथून,” ती म्हणाली.

सरोजने गाडी वळवली. हेमा डावीकडे बसली, शालूला मांडीवर घेऊन. आता ऊन पाठीमागे गेलं होतं आणि गाडीची लांब सावली गाडीच्या पुढे धावत होती. सरोजने नजर त्या सावलीच्या पुढे, रस्त्यावर रोवली. आपल्या खिडकीबाहेर काय आहे ते बघायचं धैर्य तिला होईना.

“हेमा, पाणी कुठल्या हाताला आहे?”

“म्हणजे?”

“सांग ना.”

“डाव्या. माझ्या काचेखालीच आहे.”

“नक्की?”

“नक्की गं. तुझ्या बाजूला डोंगर आहे. करवंदीच्या जाळ्या आहेत.”

सरोजने श्वास सोडला. बोटं सैल करून तिने स्टिअरिंग पुन्हा धरलं. चहाची वेळ कधीच टळून गेली होती. पण दिवेलागणीच्या आत घरी पोचू, तिला वाटलं. गुरुदत्तला काही सांगायचं नाही. गाडी त्याची तो चालवील.

हेमा काही तरी बोलत होती, शाळेबद्दल, शालूच्या बोरांबद्दल. बोलता बोलता मधेच थांबली. पुढचं वाक्य आलंच नाही. मग सरोजला डावीकडची काच वर चढवल्याचा आवाज आला, हँडल भराभर फिरवल्याचा.

“वहिनी,” हेमा अगदी हळू म्हणाली. “तू इकडे बघू नको. आणि काही झालं तरी गाडी थांबवू नको.”

तिने शालूच्या डोळ्यांवर हात ठेवला होता. शालू तो दोन्ही हातांनी ओढत होती.

“आत्या, सोड ना,” ती म्हणाली. “मला तिला अच्छा करायचाय.”